बकेट खाली येईपर्यंत

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पावसात बर्फाचे कण मिसळायला लागले, तेव्हा आर्वोनं ठरवलं, आता लोडरचं काम पुढं ढकलून चालायचं नाही.

ट्रॅक्टर एकोणपन्नास सालचा. कधीकाळी लाल होता, आता जुन्या विटेच्या रंगाचा झाला होता. आर्वोच्या बापानं तो घेतला आणि पुढं लोडरही त्यानंच बसवला. दोन्ही बाजूंनी दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला रुंद बकेट. गोठ्याचं शेण उचलायचं, रस्त्यातला बर्फ ढकलायचा, वावरातले दगड वाहायचे, सगळं त्याच्यावर. सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या फिनिश वस्तीत बाकीच्यांनी दोन-दोनदा ट्रॅक्टर बदलले होते. कुणी चिडवलं की आर्वो म्हणायचा, "तुमचे ट्रॅक्टर दुकानात दुरुस्त होतात. माझा माझ्या हातानं होतो."

लोडरचं दुखणं जुनं होतं. वर केलेले हात वर राहत नसत. इंजिन बंद केलं की सिलिंडरच्या झिजल्या पॅकिंगमधून तेल आतल्या आत सरकायचं आणि बकेट मुंगीच्या पावलानं खाली यायची. अर्ध्या तासात जमिनीला टेकायची. त्याची आर्वोला आणि त्याच्या बायकोला, सायमाला, सवय झाली होती. पण आता कुठूनतरी तेल बाहेरही गळत होतं.

"सायमा, वर बस," आर्वो म्हणाला. "इंजिन चालू राहू दे. लिव्हरवर हात ठेव, मी म्हणेपर्यंत हलवायची नाही."

"लोडरच्या हातांखाली ओंडका लाव की."

"नुसतं बघायचंय गं कुठून गळतं ते. दोन मिनिटांचं काम."

सायमा सीटवर चढली. अंगात त्याचाच जुना कोट होता. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. आर्वो पोतं टाकून बकेटखाली आडवा झाला. तिला त्याचे फक्त गुडघे आणि बूट दिसत होते. पाऊस इंजिनाच्या पत्र्यावर पडून चरचरत होता. खालून तो काहीतरी ओरडला.

"काय?" ती ऐकायला पुढं वाकली.

आणि बकेट पडली.

तिनं लिव्हर ओढली. काही झालं नाही. उलट्या बाजूला ओढली, तरी नाही. मग खाली उडी मारून ती शेडकडं धावली. जॅक आणला, चिखलात फळी टाकली, फळीवर जॅक ठेवला. आर्वो ओरडत नव्हता. अडलेल्या गाईशी बोलावं तसं "हळू, हळू" म्हणत होता. तेल, पाऊस आणि रक्त त्या चिखलात एकाच रंगाचं दिसत होतं. बकेटची कडा वीतभर उचलली गेली, तेव्हा तिनं त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. डावा पाय घोट्याच्या वरून भलतीकडंच वळला होता.

शहरातल्या इस्पितळात त्याच रात्री तो पाय गुडघ्याखाली कापला.

चौदा गाईंचं दूध काढायला वाइनो आला. वाइनो आर्वोचा धाकटा भाऊ, अर्ध्या मैलावर एकटाच राहायचा. सायमा इस्पितळात खुर्चीवर बसून होती. चौथ्या दिवशी सकाळी आर्वोनं तिचा हात हातात घेतला. कधी घ्यायचा नाही तो.

"तुझा हात लागला गं लिव्हरला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

चार दिवस सायमा हेच मनात घोळवत होती. पुढं वाकले तेव्हा लागला का? बाही अडकली का?

"बाही अडकली असेल," आर्वो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

"असू दे. मी मनात ठेवणार नाही."

तिनं त्याच्या पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं आणि रडून घेतलं. एवढ्या मोठ्या चुकीला एवढीच शिक्षा, असं तिला वाटलं.

*

नोव्हेंबरच्या मध्यावर त्याला घरी आणलं. त्याच आठवड्यात बर्फ पडायला लागला तो मार्च संपेपर्यंत. वाइनोला त्याचं लाकूडतोडीचं काम होतं, तो रोज येऊ शकत नव्हता. गाई, शेण, चारा, रस्ता, सगळं सायमाच्या अंगावर आलं आणि सायमा बासष्ट वर्षांची होती.

थंडीत ट्रॅक्टर सुरू करणं ही एक कसोटीच. बॅटरी संध्याकाळी काढून घरात चुलीमागं ठेवायची. पहाटे इंजिनाचे चारी प्लग काढायचे आणि भट्टीत पावाशेजारी ठेवून तापवायचे. फडक्यात गुंडाळून पळत बाहेर न्यायचे आणि गरम आहेत तोवर बसवायचे. रेडिएटरमध्ये किटलीनं ऊन पाणी ओतायचं. मग पुढून हँडल घालून फिरवायचं. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, इतर बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, कारण इंजिन उलटं लाथ मारतं. हे तिला ठाऊक होतं, तरी डिसेंबरात एकदा विसरली. मनगट सुजून तव्यावरच्या भाकरीसारखं टम्म झालं. त्याच मनगटानं तिनं त्या दिवशी दोन वेळचं दूध काढलं.

आर्वो स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसून असायचा. ती चुकली की कुबडीनं काचेवर ठोकायचा. ठक, ठक, ठक. काचेआड त्याचं तोंड हलताना दिसायचं, शब्द ऐकू यायचे नाहीत. जेवताना मग ते शब्द मिळायचे.

"वळताना ब्रेक कशाला दाबलास?"

"घसरत होता."

"घसरू द्यायचा असतो. ते शिवणयंत्र नाही, ट्रॅक्टर आहे."

ती बटाटा सोलून त्याच्या ताटात ठेवायची.

हळूहळू तिला यंत्र कळायला लागलं. इंजिन खोकायला लागलं की पेट्रोलच्या नळीत बर्फ धरलाय हे ती आवाजावरून ओळखू लागली. एकदा ठिणगीच पडेना, तेव्हा तिनं झाकण उघडून पाहिलं. आतले पॉइंट काळे पडले होते. नखं घासायची एक बारीक पट्टी तिच्या बहिणीनं, एल्मानं, लग्नात दिली होती. ती उभ्या जन्मात वापरली नव्हती. त्या पट्टीनं तिनं पॉइंट घासले आणि हँडल मारताच इंजिन लागलं. भर थंडीत ती एकटीच हसली. खिडकीकडं पाहिलं तर आर्वो पाठ करून बसला होता.

खरी अडचण शनिवारची. सौनाची खोली ओढ्याच्या काठाला होती, घरापासून ऐंशी पावलांवर. शनिवारी तिथं दगड तापवून वाफ घेतल्याशिवाय त्या वस्तीत कुणाचा आठवडा संपत नसे. दुसऱ्याच शनिवारी आर्वो कुबड्यांसकट बर्फावर आपटला. तिसऱ्या शनिवारी सायमानं ट्रॅक्टर दाराशी आणला, बकेटमध्ये गवताचं पोतं टाकलं आणि म्हणाली, "बस."

"यात? शेणाच्या बकेटीत?"

"धुतलीय."

तो बसला. तिनं मांडीवर घोंगडी टाकली, बकेट हातभर उचलली आणि त्याला सौनापर्यंत नेलं. पहिल्यांदा त्यानं मान खाली घातली होती. नाताळपर्यंत त्याला त्याची मजा वाटू लागली. एकदा टपालवाला आला, तर बकेटमधून राजासारखा हात हलवला. आत गेल्यावर सायमा त्याची पाठ चोळायची, मग गुडघ्याखालचा उरलेला पाय कोमट पाण्यानं धुवायची. टाक्यांची कातडी लहान पोराच्या टाळूसारखी पातळ होती. ती धुताना दर वेळी तिच्या मनात यायचं, हे माझ्या हातानं झालं.

जानेवारीत वाइनो म्हणाला, "दादा, क्लचला हाताचा दांडा वेल्ड करून देतो. डाव्या पायाची गरजच नाही. तू चालवशील."

"पांगळ्याचं खेळणं नको मला," आर्वो म्हणाला. "ती चालवतेय की."

"वहिनीला झेपत नाही रे एवढं. मनगट बघ तिचं."

"तिचं काही म्हणणं नाही. विचार तिला."

वाइनोनं सायमाकडं पाहिलं. सायमा कॉफी ओतत होती. तिचं काय म्हणणं असणार? म्हणायचा हक्क आपण ऑक्टोबरातच घालवलाय, असं तिला वाटत होतं.

"चाललंय माझं," ती म्हणाली.

वाइनो चर्चची पायरी चढत नसे. तरुणपणापासून त्याचं पास्टरांशी पटलं नव्हतं. म्हणून चर्चमध्ये काय बोललं जातं ते त्याच्या कानावर येत नसे. सायमाला मात्र दर रविवारी ते ऐकावं लागे. प्रार्थना संपली की तळघरात कॉफी आणि गोड पाव असायचा. मार्था कोस्की कप पुढं करून म्हणायची, "आर्वोसारखा माणूस मिळायला भाग्य लागतं बाई. माझा असता तर जन्मभर टोचून खाल्लं असतं." बाकीच्या बायका कपात बघायच्या. पास्टरांनी एकदा तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"क्षमा मिळणं हीसुद्धा एक जबाबदारी असते, सायमा. तुम्ही ती पेलताय."

शेजारी आर्वो कुबडीवर रेलून उभा होता. तो म्हणाला, "मी ते केव्हाच विसरलोय." आणि सगळ्यांनी ऐकलं.

फेब्रुवारीत एल्माचा फोन आला. ती दुलुथ शहरात होती, विधवा, घरात दोन खोल्या रिकाम्या.

"आठ दिवस ये गं. आवाज ऐक तुझा, कसा झालाय."

"कशी येऊ?"

"वाइनो बघेल."

"नाही गं. मीच बघायला हवं."

फोन ठेवून ती वळली. आर्वो खुर्चीतून तिच्याकडंच बघत होता. मग त्यानं वर्तमानपत्र उघडलं.

*

एप्रिलमध्ये बर्फ खचू लागला. चार महिन्यांचं शेण गोठ्यामागं माणसाच्या उंचीनं साचलं होतं. सायमा सकाळपासून लोडर चालवत होती. अकराच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं, उजव्या सिलिंडरला जाणारी रबरी नळी फुगलीय. आता कुणी न सांगता ती असल्या गोष्टी पाहत असे. इंजिन बंद करून तिनं वाइनोला फोन केला. तो संध्याकाळी नवी नळी घेऊन आला.

या वेळी दोन्ही हातांखाली जाड ओंडके होते. सायमानं स्वतः लावले होते. वाइनोनं जुनी नळी काढली, दोन बोटांत वाकवली. रबराला भेगा पडल्या होत्या.

"तेव्हाच दोन्ही बदलायला हव्या होत्या," तो म्हणाला. "दोन्ही एकाच वयाच्या. पण त्या दिवशी माझ्याजवळ एकच होती."

"कुठल्या दिवशी?"

"दादाचा पाय गेला त्या दिवशी. डावीकडली फुटली होती ना, ती बदलली. नाहीतर तुमचं शेण मी कशानं काढलं असतं?"

सायमाच्या हातात पाना होता. तो तिनं सावकाश चाकावर ठेवला.

"फुटली होती?"

"वीतभर चीर होती वहिनी. सगळं तेल त्याच चिरेतून गेलं, म्हणून तर पडली बकेट." वाइनो नळीचा आटा फिरवत होता. त्याचं लक्ष नव्हतं. "त्यावर दादानं चिकटपट्टी गुंडाळली होती. रबराच्या नळीला कुठं पट्टी पुरते? मी तसा चिडलोच त्याच्यावर."

"त्याला सांगितलंस तू?"

"सांगितलं की. तिसऱ्या दिवशी इस्पितळात आलो होतो, तू कॉफी आणायला खाली गेली होतीस, तेव्हा. म्हणाला, तिला मी सांगतो, तू बोलू नको." आता त्यानं वर पाहिलं. "का गं वहिनी? नाही सांगितलं?"

तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं हात हातात घेतला होता.

"नळी घट्ट कर," सायमा म्हणाली. "मी दुधाचं बघते."

गुरुवार होता तो. गुरुवारी ती बोलली नाही. शुक्रवारीही नाही. आर्वोनं दोनदा विचारलं, "बरं नाही का?" तर "दमलेय" म्हणाली. रात्री त्याच्या शेजारी पडून ती त्याचा श्वास ऐकत राहिली. तो गाढ झोपत होता. सबंध हिवाळा तो गाढ झोपला होता आणि आपण कूस बदलत होतो, हे तिला आता उमगलं.

*

शनिवारी दुपारी तिनं सौनाच्या भट्टीत लाकडं घातली. चारच्या सुमाराला ट्रॅक्टर दाराशी आणला. आर्वो टॉवेल खांद्यावर टाकून बकेटमध्ये बसला, कुबड्या तिच्याकडं दिल्या. तिनं त्या सीटच्या मागं अडकवल्या. वाटेवर बर्फ वितळून राड झाली होती. अर्ध्या वाटेवर, मोकळ्या जागी, ती थांबली आणि लिव्हर मागं ओढली.

बकेट वर गेली. कमरेच्या वर, डोक्याच्या वर, हात जातील तिथवर.

"अगं, काय करतेस?" आर्वोनं दोन्ही कडा पकडल्या.

सायमानं इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"बंद पडला काय?"

"मी केला." ती खाली उतरली, बाजूला लांब जाऊन सरपणाच्या ओंडक्यावर बसली. तिथून तिला त्याचा चेहरा दिसत होता. "डावीकडली नळी कुणी बदलली, आर्वो?"

आर्वोनं वाकून खाली जमिनीकडं पाहिलं.

"बकेट आपोआप खाली यायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात सांग."

"खाली घे मला. चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही."

"सायमा! पडलो तर मरेन मी!"

"धरून बस."

मग त्यानं शिव्या दिल्या. फिनिशमधल्या, बापाच्या तोंडच्या शिव्या. तिच्या आईबापाला दिल्या, वाइनोला दिल्या. सायमा ऐकत बसली. शिव्या संपल्यावर तो धापा टाकू लागला. एकच बूट बकेटच्या कडेवरून हवेत लोंबत होता. दुसऱ्या बाजूला पिन लावून दुमडलेली विजार. बराच वेळ तो तिच्यापलीकडं कुठंतरी बघत राहिला.

"कोठाराचे पत्रे उडालेत," तो म्हणाला.

"फेब्रुवारीत उडाले."

"मला नाही सांगितलंस."

"तुझ्या खिडकीतून दिसत नव्हते."

बकेट हातभर खाली आली होती. कुठंतरी लोखंड बारीक कुरकुरत होतं.

"वाइनोनं सांगितलं," आर्वो म्हणाला.

"सांगायला तू हवा होतास. नळी खराब आहे हे तुला आधी माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सप्टेंबरात पट्टी गुंडाळली."

"आणि मी ओंडका लाव म्हणाले तर दोन मिनिटांचं काम म्हणालास."

"हो."

"मला वर बसवलंस."

"अगं, नेहमीच करायचो तसं. इतकी वर्षं केलं." त्यानं बकेटची कडा घट्ट धरली. "पाय गेला म्हटल्यावर पहिली रात्र मी काय विचार केला ठाऊक आहे तुला? वाटलं, ही आता जाणार. एल्माचा फोन आलाच होता इस्पितळात. पोर नाही, बाळ नाही, कुणाच्या तोंडाकडं बघून राहशील तू? एका पायाच्या म्हाताऱ्याच्या? मग वाइनो आला. ते बोलून गेला. आणि दुसऱ्या दिवशी तू खुर्चीत बसून स्वतःच्या बाहीकडं बघत होतीस. नुसती बघत होतीस. माझ्या लक्षात आलं, तुला वाटतंय तुझ्यामुळं झालं. चूक तुझी असली म्हणजे तू कुठं जायची नाहीस."

"म्हणून बाही तू दिलीस मला."

तो रडायला लागला. मोठ्यानं नाही. नाक ओढत, मान हलवत. सायमानं त्याला रडताना बापाच्या मयताला पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. तिचं मन हललं नाही असं नाही. पण ती ओंडक्यावरून उठली नाही.

"नंतर सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी नंतर?"

बकेट उतरत राहिली. माणसाच्या उंचीवर आली, छातीएवढी झाली, कमरेएवढी. ओढ्यापलीकडून एक गाय हंबरली, दूध काढायची वेळ होत आली होती. आर्वोच्या बुटाची टाच चिखलाला लागली आणि मग सगळी बकेट राडीत टेकली.

सायमा उठली. कुबड्या आणून त्याच्या हातात दिल्या.

"उद्या चर्चमध्ये सांगायचं."

"सगळ्यांसमोर?"

"तिथंच माफ केलं होतंस ना?" ती म्हणाली. "जा आता, वाफ तयार आहे. राड आहे, हळू जा."

चाळीस पावलं होती. तो एकटा गेला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. दुधाची भांडी घेऊन ती गोठ्यात शिरली.

*

आर्वोनं शब्द पाळला. रविवारी तळघरात, हातात कप घ्यायच्या आधी, तो कुबड्यांवर ताठ उभा राहिला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "ऑक्टोबरात तेलाची नळी फुटली होती. माझी चूक. सायमाचा हात लागला नव्हता."

पास्टरांनी मान हलवली. कुणीतरी सायमाच्या पुढं साखरेचं भांडं सरकवलं. सायमाच्या छातीवरची धोंड उतरल्यासारखी झाली. तिनं कोट घ्यायला कोपऱ्यात पाऊल टाकलं आणि पाठमोरी असतानाच तिला मार्था कोस्कीचा आवाज ऐकू आला.

"बघ बाई, बायकोसाठी आता दोषही स्वतःवर घेतला. देवमाणूस."

"संतच," दुसरी म्हणाली.

सायमानं कोटाची बटणं लावली. खालपासून वरपर्यंत, एक एक. वळून सांगावं असं वाटलं, पण काय सांगायचं? सांगितलं असतं तर एवढ्या चांगल्या माणसावर दोष ढकलते म्हणून लोकांनी तिलाच नावं ठेवली असती.

घरी येताना गाडी तीच चालवत होती. आर्वो म्हणाला, "मी तर सांगितलं. लोक भलतंच समजले, त्याला मी काय करू?"

तो खरं बोलत होता. त्यात त्याचा दोष नव्हता. म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

सोमवारी वाइनो आला, तेव्हा तिनं सुटकेस दाराशी ठेवली होती.

"मी एल्माकडं चाललेय. गाई तू बघ. आणि त्याचा क्लच करून दे."

"किती दिवस, वहिनी?"

"माहीत नाही."

आर्वो खुर्चीत होता. बोलला नाही, ठोकलंही नाही. तिला बसथांब्यावर सोडायला वाइनोनं मोटार सुरू केली, तेव्हा तिनं खिडकीकडं पाहिलं. काचेवर त्याचा श्वास साचून पांढरा डाग पडला होता.

दुलुथमध्ये ती पहिले तीन दिवस नुसती झोपली. चौथ्या दिवशी एल्माबरोबर सरोवराच्या काठी फिरली. एल्मा म्हणाली, आता इथंच राहा. एल्माच्या घरात गरम पाणी नळाला येत होतं, पहाटे उठायचं कारण नव्हतं. सायमा रोज चारला जागी व्हायची आणि अंधारात हात पोटावर ठेवून पडायची. मनगटाची सूज उतरली. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "निघते."

"त्याच्याकडं?"

"चौदा गाई आहेत. त्यातल्या नऊ मी बाटलीनं दूध पाजून वाढवल्यात. ट्रॅक्टरही आता मलाच जास्त कळतो." तिनं सुटकेसचं झाकण लावलं. "त्याच्याकडं चाललेय की नाही, ते मलाही ठाऊक नाही."

बसथांब्यावर वाइनो आला होता. त्यानं सांगितलं, दादा चालवायला लागलाय. पहिल्या दिवशी कुंपण तोडलं, दुसऱ्या दिवशी सीटवरून पडला, कोपर फुटलं. तरी रोज चढतो.

मे महिन्यात वावरात दगड वर आले. त्या जमिनीत दर वर्षी येतात. हिवाळा त्यांना खालून ढकलतो आणि नांगराआधी ते वेचावेच लागतात. आर्वो ट्रॅक्टरवर, डाव्या हाताला वेल्ड केलेला क्लचचा दांडा. सायमा पुढून चालत दगड उचलून बकेटमध्ये टाकत होती. यंत्र झटके खात पुढं जायचं, थांबायचं. दोघांत बोलणं एवढंच, "पुढं घे" आणि "थांब".

सकाळी पहिला मोठा दगड लागला, तेव्हा तो पहारीनं मोकळा करायला तिला बकेटच्या पुढ्यात जावं लागणार होतं. ती जागची हलली नाही. सीटकडं बघत उभी राहिली.

"काय झालं?" आर्वोनं विचारलं.

"हात वर कर."

"आँ?"

"दोन्ही हात. मला दिसतील असे."

त्याला कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यानं गिअर न्यूट्रलला आणला, ब्रेकला खिट्टी लावली. क्लच सोडला, लिव्हर सोडली, आणि दोन्ही हात खांद्याच्या वर धरले. उन्हात, रिकाम्या वावरात, तो तसाच बसून राहिला. सायमा वाकली, दगडाखाली पहार घातली, अंगाचा भार टाकून तो उलथवला आणि बाजूला झाली.

"पुढं घे," ती म्हणाली.

दिवसभरात असे बावीस दगड निघाले. बावीस वेळा त्यानं हात वर केले. संध्याकाळी शेवटच्या वेळी तिला सांगावं लागलं नाही.